ब्रूसनंतरचा ब्लेझ

आयर्न मेडनचा ‘द एक्स फॅक्टर’ माझ्या हाती पडला तो डोंबिवलीतल्या एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. देतानाच तो म्हणाला, “यात ब्रूस नाहीये रे, फार आशा ठेवू नकोस.” आमच्या कंपूत निकाल असा ऐकण्याआधीच लागला होता. गायक ब्रूस डिकिन्सन 1993 मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या जागी वुल्फ्सबेन बँडचा ब्लेझ बेली आला आणि ऑक्टोबर 1995 मध्ये हा अल्बम निघाला. नाटकातला लाल्या म्हणजे काशिनाथ घाणेकरच, असं ठरवून बसलेल्या ठाण्याच्या प्रेक्षकापुढे दुसऱ्या नटाने उभं राहावं, तशी ब्लेझची गत झाली.

पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं, ‘साइन ऑफ द क्रॉस’. ऑफिसला जाताना वॉकमनवर लावलं, तर सुरुवातीचा मठातल्या प्रार्थनेसारखा दबका कोरस ऐकूच येईना. फास्ट लोकल तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. त्या खडखडाटात तो पार बुडाला. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन लावून बसलो, तेव्हा कुठे तो अंधार अंगावर आला. ब्लेझ आधी जवळजवळ पुटपुटतो, आणि गिटार तुटून पडतात त्या बऱ्याच उशिरा.

ब्लेझचा आवाज खालच्या पट्टीतला, जड. ब्रूसच्या गळ्यासाठी बांधलेली जुनी गाणी स्टेजवर गाताना त्याची ओढाताण व्हायची, हे खरं आहे. पण हा अल्बम त्याचा आहे. बासिस्ट स्टीव्ह हॅरिसचा संसार त्याच सुमारास मोडला होता आणि ते दुःख गाण्यांत उतरलंय. ‘फॉर्च्युन्स ऑफ वॉर’मधला सैनिक लढाईहून परततो, पण लढाई त्याच्या डोक्यातून जात नाही. तिथे ब्रूसची उंच तान उपरी वाटली असती. ब्लेझचा थकलेला स्वर त्या माणसाचाच वाटतो. संथ सुरुवात आणि मग वेग, हा साचा फार वेळा येतो, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे.

1999 मध्ये ब्लेझ गेला, ब्रूस परतला. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडन मुंबईत बीकेसीत वाजवायला आले, तेव्हा कल्याण-डोंबिवलीची पोरं लोकल भरभरून गेली होती. मीही गेलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. ‘एक्स फॅक्टर’मधलं एकही गाणं त्या रात्री झालं नाही.

‘साइन ऑफ द क्रॉस’ बहुतेकांना माहीत आहे ते ‘रॉक इन रिओ’च्या 2001 च्या मैफलीतलं, ब्रूसने गायलेलं. ते उत्तमच आहे. पण एकदा मूळ ऐका, ब्लेझचं, पूर्ण अकरा मिनिटं. माझ्या लेखी तेच सरस आहे.