गिनीचा दर्जा आणि व्यवहाराचा दर्जा



आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात आईने किंवा सासूबाईंनी दिलेली एखादी गिनी, एखादी पुतळ्यांची माळ असतेच. पूर्वी विकायची वेळ आली तर सराफ वजन करायचा, कस लावायचा आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे द्यायचा. आता मुले मोबाईलवर दाखवतात की तसल्याच एका नाण्याला सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट पैसे मिळाले. आमच्या मसुरे गावातही बायका विचारू लागल्या आहेत, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी हे काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या दोन कंपन्या निघाल्या. त्या नाणे अस्सल आहे का ते तपासतात, ते किती झिजले आहे ते पाहून 1 ते 70 पर्यंत दर्जा देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. या डबीला स्लॅब म्हणतात. त्यावर क्रमांक असतो आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 60 च्या पुढचा दर्जा म्हणजे नाणे वापरात फिरलेलेच नाही. नाणे हातात न घेता दूरवरून घ्यायचे, तर या दर्जाचाच आधार. पण डब्यासुद्धा नकली निघतात. म्हणून नुसता क्रमांक पाहू नये, संकेतस्थळावर फोटो असेल तर तोही नाण्याशी ताडून पाहावा.

आपण जिला गिनी म्हणतो ती बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असते. वजन 7.98 ग्रॅम, 22 कॅरेट, म्हणजे शुद्ध सोने 7.32 ग्रॅम. 1918 साली ती मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली, त्या एकाच वर्षी. घोड्याच्या पायाखालच्या पट्टीवर, सालाच्या वर, ‘आय’ हे बारीक इंग्रजी अक्षर दिसले तर ती मुंबईची. मात्र लगेच हुरळून जाऊ नका. त्या सुमारे 13 लाख पाडल्या होत्या. पुतळी ही मुळात व्हेनिसच्या डकॅट नाण्याच्या धर्तीची. आपल्या माळांतल्या पुष्कळशा पुतळ्या इथल्याच सोनारांनी घडवलेल्या असतात. त्यांचे मोल सोन्याचे आणि आठवणीचे.

आता आपल्या सवयींबद्दल. नाणे रिठ्याने, चिंचेने, टूथपेस्टने घासून लख्ख करू नका. त्याला कडी लावली असेल किंवा ते घासले असेल, तर कंपनी आकडा देत नाही, फक्त ‘अस्सल, पण दोष आहे’ अशी नोंद करते. आपल्या घरांत गिनी गळ्यात घालायलाच असायची, त्यामुळे निम्म्या गिन्यांना कडी असतेच.

माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे अशीच एक कडीची गिनी होती. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. ऑनलाइन भेटलेल्या एका गिऱ्हाइकाने सुचवले, ‘कडी काढून तिथली खूण भरून घ्या, घासू नका, आणि कधी कडी नव्हती असे लिहून द्या. मी दीडपट देतो.’ दीडपट म्हणजे फीचा पूर्ण हप्ता सुटत होता. ती मला म्हणाली, ‘ताई, सोने तर खरेच आहे ना? मग कोणाला फसवले?’ प्रश्न साधा नव्हता. घरात दुसरी सोय दिसत नव्हती आणि कोणाला कळणारही नव्हते.

तेव्हा आम्ही दोघी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय घेऊन बसलो. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात म्हणतो, पण ते बाजाराचेच नियम आहेत हे त्या दिवशी नीट दिसले. स्तेनप्रयोग म्हणजे दुसऱ्याला चोरीला प्रवृत्त करणे. तदाहृतादान म्हणजे चोरीचा माल घेणे. ‘किल्ल्याजवळ खणताना मिळाला’ असे सांगून कोणी शिवरायांचा होन विकायला आणला, तर दूरच राहावे. अस्सल होन मोजकेच ज्ञात आहेत, आणि जमिनीत सापडलेले धन 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापात खोट. कडीचे वजन गिनीच्या वजनात धरणे त्यातलेच. प्रतिरूपकव्यवहार म्हणजे बनावट वस्तू खरी म्हणून देणे. सोने खरे, पण ‘कडी नव्हती’ हे बनावट. जाऊबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले.

पाचवा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम ओलांडणे. मी कॉमर्सची, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, तिथल्या गिऱ्हाइकाला विकायलाही नाही. म्हणजे 1918 ची गिनीसुद्धा आली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ जवळ असलेल्या सोन्याच्या नफ्यावर सध्या 12.5 टक्के कर आहे. वारशाने आलेल्या सोन्याला आधीच्या मालकाचा काळही धरतात, आणि 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. विकायचेच तर मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरू इथली नाण्यांची लिलावघरे आहेत, ती ऑनलाइन बोलीही घेतात. ‘आधी नोंदणी फी भरा, मग लाखो मिळतील’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून असे पैसे मागतात. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेनेच त्याबद्दल लोकांना सावध केले होते.

जाऊबाईंनी गिनी कडीसकट सराफाला दिली. कडीचे वजन वेगळे केले, पावती घेतली. दीडपट मिळाली नाही. फीचा उरलेला भाग दोन हप्त्यांत भरायला कॉलेजने मान्यता दिली, आणि दुसऱ्या हप्त्यासाठी तिने पापड-लोणच्याच्या ऑर्डरी घेतल्या. महिनाभर तिचे हात मसाल्याने लाल होते. पण मुलाला तिने सगळे सांगितले, काहीही लपवावे लागले नाही.

एक मुद्दा परिग्रहपरिमाणाचा. ज्यांनी सोन्याची मर्यादा घेतली आहे त्यांनी ती तोळ्यांत लिहिली असेल, तर दुर्मीळ नाणे तिच्या फटीतून सहज निसटते. आठ ग्रॅमचे नाणे आठ तोळ्यांच्या किमतीचे असू शकते. म्हणून मी व्रताच्या वहीत वजन आणि अंदाजे किंमत दोन्ही लिहिते. व्रत आपणच घेतलेले आहे, त्यातली पळवाटही आपल्यालाच ठाऊक असते.

नाण्याचा दर्जा अमेरिकेतली कंपनी ठरवील. व्यवहाराचा दर्जा ठरवायला कोणी येत नाही, तो घरातच ठरतो. तेव्हा आज कपाट उघडून गिनीवरचे अक्षर जरूर पाहा. फक्त ती घासू नका.