साततालचा उस्ताद

रानीखेतला फौजेत सुखाची पोस्टिंग म्हणतात. कुमाऊं रेजिमेंटचं सेंटर, देवदाराची झाडी, आणि आकाश मोकळं असलं की समोर त्रिशूल आणि नंदादेवी. फॅमिली सोबत असेल तर वर्षं कशी सरली ते कळत नाही. माझी फॅमिली कोरेगावला, कारण मुलीची दहावी. मी ईएमईचा, व्हेईकल मेकॅनिक. आठवडाभर गाडीखाली आडवा आणि रविवारी कपडे धुणं. (युनिटचं नाव लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.) म्हणून चेट्टा जेव्हा म्हणाला, "साततालला जाऊ, पहाडी सायकल शिकू," तेव्हा मी हो म्हटलं ते सायकलीच्या हौसेनं कमी आणि एक रविवार वेगळा जावा म्हणून जास्त.

चेट्टा म्हणजे आमचा केरळचा हवालदार. चोवीस वर्षं नोकरी, जानेवारीत पेन्शन. बायकोनं गावाकडच्या घरावर मजला चढवलाय. तो घरी गेल्यावर काय करणार, हे तिलाही माहीत नाही आणि त्यालाही. कुणी विचारलं तर तो विषय बदलतो. सायकलीचं खूळही तसंच कुठल्याशा प्रश्नाला उत्तर म्हणून निघालं असावं. तिसरा चौधरी, भिवानीचा, वयानं आमच्याहून लहान, कुस्तीचा शौकीन. त्याचं म्हणणं, सायकल चालवायला काय शिकायचं? ती तर शाळेतच येते.

मलाही तसंच वाटत होतं. सातारा जिल्ह्यात वाढलेला माणूस, नळी खाली पाय घालून बापाची सायकल चालवलेली, मागे दुधाची किटली, पुढे वैरणीचा भारा. पण ती सायकल रस्त्यासाठी होती. ही जंगलात, झाडांच्या मुळांवरून आणि दगडांवरून, तेही उताराला चालवायची असते.

बाहेरच्या देशात यासाठी खास केंद्रं आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सरकारी जंगलात फक्त सायकलसाठी वाटा आखलेल्या असतात. गाडी लावायला जागा, चिखलाची सायकल धुवायला पाणी, चहा-नाश्ता, आणि वाटेच्या तोंडाशी रंगाची पाटी. हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड, आणि काळी म्हणजे घरी सांगून या. वेल्समधलं कोएड-इ-ब्रेनिन हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं, १९९० च्या दशकातलं. साततालला तशी पाटी मला दिसली नाही. तिथे रंग पोराच्या तोंडात होते. "ये हरी है, अंकलजी. वो नीली. लाल कल देखेंगे."

पोरगा एकोणीस-वीसचा. चौधरीला 'अंकलजी' लागलं.

रानीखेतहून खाली खैरना, मग गरमपानी, कैंचीधामची गाड्यांची रांग आणि भवाली. शेअरिंगच्या बोलेरोत पन्नासेक किलोमीटर, आणि पुढे सातताल दहा-बारा. समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटर, म्हणजे रानीखेतहून बरंच खाली. राम-लक्ष्मण-सीता, नल-दमयंती, गरुड अशा नावांचे तलाव आणि भोवती बांज आणि चीडाचं जंगल. पक्षी बघणारे लोक मोठमोठ्या लेन्सा घेऊन इथे पहाटेपासून बसलेले असतात. पोराच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांना देतात, आणि गोठ्याच्या शेजारी एका शेडमध्ये पाच सायकली. उतरायचं तिथेच ठरलं होतं. बाहेरच्या खोलीत वर्दीतल्या माणसाचा फोटो होता. पोराचे वडील, कुमाऊंचे रिटायर्ड नायक. आम्ही कोण हे कळल्यावर त्यांनी पायातल्या चपला नीट केल्या आणि सावधान झाले. बघणाऱ्याला हसू येईल, पण आम्ही तिघंही आपसूक ताठ झालो.

पहिल्या दिवशी सायकलीवर बसण्याआधी पोरानं टायर अंगठ्यानं दाबले आणि हवा सोडली. चौधरी म्हणाला, हवा काढतोस की भरतोस? आमच्याकडे हवा कमी म्हणजे ड्रायव्हर कामचुकार. मला मात्र राजस्थानची वाळू आठवली. तिथे गाडी रुतू नये म्हणून आपण हवा कमी करतोच, टायर पसरतो आणि पकड वाढते. इथेही तेच गणित. टणक टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो, मऊ टायर दगडाला धरून चालतो. मी हे बोललो तेव्हा पोरानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मग त्यानं सीट खाली केली. उताराला सीटवर बसायचंच नाही. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर सैल, ढुंगण थोडं मागे, हनुवटी वर. एका मोकळ्या मैदानात त्यानं आम्हाला असंच उभं राहून गोल गोल फिरवलं. अर्ध्या तासात मांड्या भरून आल्या. रोज पीटी करणाऱ्या तीन माणसांच्या मांड्या!

ब्रेकच्या धड्याला मी कान टवकारले, कारण तो माझा विषय. हायड्रॉलिक डिस्क, लिव्हरवर फक्त एक बोट. पुढचा ब्रेक जास्त थांबवतो, कारण उताराला वजन पुढे येतं. पण तोच एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे. म्हणून दोन्ही, हळूहळू, आणि वळणाच्या आधी. वळणात सोडायचा. आम्ही पहाडातल्या ड्रायव्हरला शिकवतो की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, लायनिंग जळतं. स्टॅलियनचा तो जळका वास ज्यानं घाटात एकदा घेतला तो विसरत नाही. सायकलीला इंजिन नाही, म्हणजे इंजिनाचा ब्रेकही नाही. जे काही थांबवायचं ते दोन बोटांनी.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र डोळ्यांची. चाकासमोरच्या दगडाकडे बघायचं नाही. बघितलं की सायकल त्याच दगडावर जाते, ओढल्यासारखी. जिथे जायचंय तिकडे बघायचं, दहा-पंधरा पावलं पुढे. सांगायला सोपं आहे. पेट्रोलिंगमध्ये आपण वर्षानुवर्षं पाय कुठे पडतोय ते बघत चाललो. काही ठिकाणी तर पुढच्याच्या पावलावर पाऊल, इंचही इकडेतिकडे नाही, आणि त्यामुळेच जिवंत आहोत. ती नजर एका दुपारी कशी उचलायची? चेट्टाला सर्वांत जास्त जड गेलं. तो दर वळणाला खाली बघायचा आणि पोरगा मागून ओरडायचा, "ऊपर! ऊपर देखो!"

तिसऱ्या फेरीनंतर चौधरी पिरूळावरून घसरला. पिरूळ म्हणजे चीडाच्या सुया. वाळून जमिनीवर अंथरलेल्या, दिसायला गादी आणि चालवायला तेल सांडलेली फरशी. लागलं काही नाही, पण कॉलरपासून मोज्यांपर्यंत सुया. उठून कपडे झटकत तो पोराला म्हणाला, "उस्ताद, एक बार और दिखाओ."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. रंगरूट पहिल्या दिवशी हा शब्द शिकतो आणि रँक कितीही वाढली तरी त्या उस्तादाला विसरत नाही. चौधरीच्या तोंडून तो सहज निघाला. त्यानंतर आम्ही तिघंही तेच म्हणायला लागलो. पोरगा काही बोलला नाही. फक्त अंकलजी बंद झालं.

रात्री जेवायला मडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ. मडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे हुलगा. हुलग्याच्या माडग्यावर वाढलेल्या माणसाला हिमालयाच्या पायथ्याशी हुलगा भेटतो तेव्हा काय होतं ते लिहिता येत नाही. मी तीन वाट्या घेतल्या.

जेवताना मी पोराला या खेळाची एक जुनी गोष्ट सांगितली. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यत लावायची. सायकलींना उलटं पायडल मारल्यावर लागणारा, हबच्या आतला ब्रेक. खाली पोहोचेपर्यंत तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि दर फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या भरण्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं, रीपॅक. वीस वर्षांनी, १९९६ ला, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. पोरगा हसला आणि म्हणाला, "मतलब मेकॅनिक का खेल है." मला फार बरं वाटलं.

मग वडिलांनी ताटं उचलली, परत येऊन बसले, आणि थोडं थांबून चेट्टाकडे बघत म्हणाले, "साब, लडके का कुछ हो सकता है क्या?"

काय ते आम्हाला लगेच कळलं. पोरानं दोन वेळा भरती दिली होती. १,६०० मीटर पहिल्या गटात, बीमवर दहा, खड्डा, बॅलन्स, सगळं पास. मेडिकलला दोन्ही वेळा बाहेर. सपाट पाऊल. तळव्याखाली जी कमान असते ती त्याला नाही. लांब चालीत असे पाय दगा देतात म्हणून घेत नाहीत. नियमाला कारण आहे. वडिलांनाही ते ठाऊक होतं, त्यांनी स्वतः फौज पाहिलेली. तरी विचारलं. तीन सेवेतली माणसं घरात जेवत बसलीत आणि न विचारता जाऊ दिली, असं नंतर वाटू नये म्हणून विचारलं असावं.

पोरगा भिंतीला टेकून मोबाईल बघत होता. म्हणजे बघत नव्हता.

आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न गावात कुणी ना कुणी विचारलेला आहे. सुट्टीवर गेलं की पारावर पहिला तोच. साहेबांच्या ओळखीनं काही होतंय का बघा की! आपण हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी तेच करायच्या तयारीत होतो. पण चेट्टा सरळ म्हणाला, "नहीं होगा, साब." मग आपल्या तुटक्या हिंदीत पुढे म्हणाला, "जनवरी में मेरे को भी बाहर कर देगा. मेरा पाँव एकदम ठीक है."

खोलीत कुणी हसलं नाही. मग वडीलच हसले, आधी थोडं, नंतर खूप. पोरगा उठून बाहेर गेला. शेडमधला दिवा लागला आणि उशिरापर्यंत चेन साफ केल्याचा आवाज येत होता.

रविवारी लाल वाट. वरून पहिला तुकडा चीडातून, मोकळा, वेग येतो, वारा डोळ्यांत पाणी आणतो. मग बांजाचं जंगल सुरू होतं, सावली, ओल, आणि वाटेवर आडवी मुळं. मुळाला काटकोनात भिडायचं, तिरकं गेलं की चाक सरकतं. दोन आखूड वळणं, आणि त्यानंतर ती जागा. कमरेएवढा दगड, त्यावरून सायकलसकट खाली, पुढे लगेच उजवीकडे वळण. पोरानं आम्हाला उतरवून ती पायी दाखवली, वरून खालून दोन्हीकडून. मग स्वतः करून दाखवली. त्याचे ते सपाट पाय पायडलवर चिकटवल्यासारखे. खालून ओरडला, "जिसको नहीं करना, पैदल. पैदल भी लाइन है."

ही मुभा आम्हाला सवयीची नाही. कोर्समध्ये भिंत असेल तर भिंत. मी वर दोन मिनिटं उभा राहिलो, दगडाकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं, मुलीची दहावी आठवली आणि सायकल खांद्याला लावून पायी उतरलो. चौधरी धडधडत गेला, खाली झाडाला मिठी मारून थांबला. राहिला चेट्टा. बेचाळीस वर्षांचा माणूस, पोट थोडं सुटलेलं. त्यानं हनुवटी वर केली. दगडाकडे बघितलंच नाही. नजर थेट पुढच्या वळणावर. खाली आला, वळला, आणि थांबलाच नाही. बांजांत दिसेनासा झाला, फक्त मल्याळममध्ये काहीतरी ओरडल्याचा आवाज आला.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा तो पाण्यात पाय सोडून बसला होता. बोलला काही नाही. पोरानं त्याच्या सायकलीचा पुढचा ब्रेक हातानं तपासला, डिस्कजवळ बोट नेऊन झटकन मागे घेतलं आणि म्हणाला, "कम दबाया. अच्छा किया."

निघताना वडील पैसे घ्यायला तयार होईनात. फौजी घरात आले, मुलाला उस्ताद म्हणाले, आता वरून पैसे? चेट्टा नोटा पुढे करत होता, ते हात मागे घेत होते. हे बराच वेळ चाललं असतं. पोरगा शेडमधून हात पुसत आला. "पापा, खाने का मत लो. सायकल का मेरा है." त्यानं नोटा घेतल्या, मोजल्या, दोन दिवसांचा हिशेब तोंडानं केला आणि शंभर रुपये परत दिले.