गुरांसाठी पडलेली माणसं

निपाणी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवतो. त्याआधीचं काही विचारलं तर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकरांचं नाव निघतं, आणि त्याच्याही मागचं विचारलं की बोलणं थेट बेळगावच्या किल्ल्यात जाऊन थांबतं. वखार, वाडा आणि किल्ला यांवरच आमच्या भागाचा इतिहास सांगून होतो. या तिन्हींबद्दल मला आस्था आहे. पण निपाणी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर या टापूत आयुष्य घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. इथल्या सामान्य माणसाचा सगळ्यात जुना पुरावा या तिन्हींत नाही. तो गावाच्या शिवेवर, तळ्याच्या काठाला, मारुतीच्या पाराला टेकून उभा आहे. तो म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणाचा दगड, आणि त्यातही तळाच्या कप्प्यात गुरं कोरलेला वीरगळ.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या कप्प्यात मरण, मधल्या कप्प्यात स्वर्गाची वाट, वरच्या कप्प्यात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. हा क्रम पाठ झाला की झिजलेला दगडही बोलू लागतो.

चिकोडी तालुक्यातला एक वीरगळ मला विशेष प्रिय आहे. काळ्या पाषाणाचा, जेमतेम कमरेएवढा, त्यावर एकही अक्षर नाही. तळाशी तीन गाई एकामागे एक चालल्या आहेत. जागा अपुरी होती, म्हणून पाथरवटाने पुढच्या गाईचं अंग पूर्ण कोरलं आणि मागच्या दोघींची नुसती तोंडं आणि शिंगं तिच्या पाठीवरून वर काढली. तिघींपैकी शेवटचीने मान मागे वळवली आहे. तिच्या मागे वीर उभा आहे. एक पाय पुढे, हातात ताणलेलं धनुष्य, समोर ढाली घेतलेले चौघे. मधल्या कप्प्यात दोन अप्सरांनी त्याला दंडाला धरून उचललं आहे. हाकलून नेली जाणारी गाय आपल्या राखणदाराकडे मान वळवून बघते, हे त्या पाथरवटाने डोळ्यांनी पाहिलेलं असणार. पोथीत वाचून ती मान कोरता येत नाही.

असे दगड भर दुपारी बघू नयेत. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. सकाळी किंवा मावळतीला तिरपा उजेड पडला की शिंगं, पट्टे, कमरेची कट्यार एकेक करून वर येतात. मी अंधार पडल्यावर जातो आणि बॅटरी दगडाच्या कडेला लावून प्रकाश आडवा सोडतो. दिवसा ज्याला शेंदराचा गोळा समजून लोक पुढे जातात, त्यावर रात्री गुरांची रांग दिसते.

आता प्रश्न असा की गुरांसाठी माणसं इतकी का मरावीत, आणि मेली तर त्यांचे दगड का उभारावेत? आमच्या भागातले असे बहुतेक दगड घडणीवरून दहाव्या ते तेराव्या शतकांतले वाटतात. तेव्हाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला कोल्हापूरचे शिलाहार, दक्षिणेला सौंदत्तीहून बेळगावला, म्हणजे तेव्हाच्या वेणुग्रामाला आलेले रट्ट, पश्चिमेला गोव्याचे कदंब. निपाणी-हुक्केरीचा पट्टा या सगळ्यांच्या बेचक्यात. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाने शिलाहार आणि रट्ट या दोघांनाही संपवलं, पण तोवर आणि त्यानंतरही हा सरहद्दीचाच मुलूख राहिला. सरहद्दीवर शत्रूला जेरीस आणायची सोपी रीत म्हणजे त्याची गुरं पळवणे. जमीन उचलून नेता येत नाही, धान्य पेवात पुरलेलं असतं, गुरं मात्र आपल्या पायांनी चालत येतात. गुरं गेली की नांगर थांबला, मोट थांबली, दूध-तूप गेलं, शेणखत गेलं. एका रात्रीत गाव कंगाल. महाभारताच्या विराटपर्वात कौरव मत्स्यदेशाची गुरंच हाकून नेतात आणि अज्ञातवासातला अर्जुन त्यासाठी शस्त्र हातात घेतो, ते उगाच नाही. जुन्या कन्नड लेखांत अशा धाडीला ‘तुरुगोळ’ म्हणतात. ती परतवताना जो पडला, त्याच्या नावाने गावाने दगड उभा केला. तो कुणी सरदार असेलच असं नाही. पुष्कळदा तो गुरं वळणारा, गावचा राखणदार किंवा एखाद्या गावकऱ्याचा तरणाबांड मुलगा असे.

ही रीत आपल्याच भागापुरती नव्हती. तमिळनाडूत चेंगम परिसरात पल्लवकाळापासूनचे असे लेखयुक्त दगड आहेत. कर्नाटकात मंड्याकडच्या आतकूरचा दहाव्या शतकातला दगड तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्यासाठी आहे.

बेळगाव जिल्ह्यातले कोरीव लेख वाचणाऱ्यांत जॉन फ्लीट यांचं नाव आदराने घ्यायला हवं. रट्टांचे लेख त्यांनी छापले नसते तर आपण अजून चाचपडत असतो. पण त्या पिढीची नजर राजांच्या दानलेखांवर होती. त्याचा परिणाम आजही दिसतो. बेळगावचे रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले, १२०४ सालचे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बिचिराजाने बांधलेल्या जैन बसदीला दिलेली दानं त्यांत नोंदलेली आहेत आणि वेणुग्रामच्या बाजारात लाट (गुजरात) आणि मल्याळ (केरळ) देशांचे व्यापारी होते हेही त्यांतूनच कळतं. राजाचा दगड साता समुद्रापलीकडे काचेआड जपला गेला आणि त्याच काळातल्या गुराख्याचा दगड इथे धुणं आपटायला वापरला जातो. मला या तफावतीचं फार वाईट वाटतं.

दगडांकडे माणसांच्या बाजूने बघायला शिकवलं ते पुढच्या अभ्यासकांनी. धारवाडचे एस. शेट्टर आणि जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ साली स्मृतिशिलांवरचा ग्रंथ संपादित केला. सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर राहिले, बिरोबा आणि खंडोबाच्या ओव्या त्यांनी ऐकल्या. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा माग काढत त्याला गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेलं. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी! कन्नडमधले एवढे मोठे पंडित, पण १९५२ साली त्यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक मराठीत लिहिलं आणि मराठी-कानडी दोघांच्याही मुळाशी गुरं-मेंढरं राखणारा एकच समाज पाहिला. त्यांची सगळी भाषिक अनुमानं मला पटत नाहीत. तरी सीमावादात वाढलेल्या माझ्यासारख्याला त्या पुस्तकाने जी मोकळी हवा दिली, ती दुसऱ्या कशाने दिली नाही. अमुक वीरगळ मराठी की कानडी, असं मला सभांमधून विचारतात. त्यावरचा लेख असलाच तर कन्नड लिपीत असतो, समोर नारळ फोडणारा बऱ्याचदा मराठीत गाऱ्हाणं घालतो, आणि कोरलेल्या गाईला दोन्ही भाषांत हाक मारली जाते. यात भांडण्यासारखं काय आहे, ते मला कळत नाही.

हा गुरांचा इतिहास संपलेला नाही. आमच्याकडे बेंदूर दोन असतात. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्राचा. काही घरांत दोन्ही होतात. बैलांना दोनदा पुरणपोळी मिळते आणि कुणाची तक्रार नसते. माघात रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काची यात्रा भरते, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडून माणसं येतात, गाड्या जुंपून येतात. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी आपल्या म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून रस्त्यावर आणतात. त्याच सुमाराला मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात आणि शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात.

एका गायरानात ठसा घेत होतो. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशाने ठोकत होतो, तेव्हा एक म्हातारा मेंढपाळ येऊन बसला.

“काय करालाय मास्तर?”

“हा दगड वाचतोय, मामा. कुणाचा आहे म्हणायचा हा?”

“ह्यो व्हय? ह्यो गुरांचा राखण्या. म्हस व्याली की पैला खरवस हितं. पान्हा चोराय लागली तरी हितंच यायचं.”

त्याला रट्ट ठाऊक नव्हते, यादव ठाऊक नव्हते. नाव नसलेल्या त्या माणसाने काय काम केलं, तेवढं मात्र त्याला बिनचूक माहीत होतं.

म्हणूनच या दगडांची आजची दशा बघवत नाही. रस्ता रुंद करताना जेसीबीच्या एका फटक्यात ते दुभंगतात. देवळाच्या जीर्णोद्धारात पायरीला बसतात. भक्तीने सुद्धा नुकसान होतं. ऑइलपेंट दिला की बारीक कोरीव काम बुजतं, आणि सिमेंटच्या कट्ट्यात रोवला की तळाचा कप्पा, म्हणजे नेमकी गुरंच, गाडली जातात. अशी गुडघ्यापर्यंत पुरलेली कितीतरी युद्धं मी पाहिली आहेत.

माझी वाचकांना विनंती अगदी साधी आहे. दिवाळीला गावी गेलात तर शिवेवरून एक फेरी मारा. वीरगळ दिसला तर तिरप्या उजेडात समोरून फोटो घ्या आणि उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी मोजपट्टी उभी करा. खडूने रेषा ओढू नका, पिठाने किंवा चुन्याने अक्षरं भरू नका. नुसतं पाणी मारलं तरी पुष्कळ दिसतं. जागा, गट नंबर आणि दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हे लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. कामासाठी दगड हलवावाच लागणार असेल, तर तो जिथे उभा होता ती जागा आधी नोंदवून ठेवा. पुष्कळदा ती गावात येणाऱ्या जुन्या वाटेवरच असते आणि गुरं कोणत्या बाजूने नेली, हे तिच्यावरून कळू शकतं.