घरची किल्ली

आमच्या मोहल्ल्यात कॉम्प्युटर बिघडला की तो दुकानात जातो. त्यासोबत लेकीबाळींचे फोटो, आधारकार्ड, अब्बांच्या पेन्शनचे कागदही जातात. म्हणून आम्ही आधी घरीच पाहतो.

नेट गेले तर राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर बहुधा तारेत दोष असतो, कॉम्प्युटर उघडण्यात अर्थ नाही. दिवे ठीक असतील, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावावा. प्रत्येक साइट ‘धोका’ म्हणू लागली, तर तारीख तपासावी. आतली सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुने मशीन वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. राउटरचा ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्ड बदलावा, वायफायलाही लांब पासवर्ड द्यावा. आपल्या जोडणीवरून कुणी भलते काही केले, तर पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच होते. ती आमच्या वस्तीत झाली की चौकशी संपते, चर्चा संपत नाही. एवढ्यासाठी तरी हे दहा मिनिटांचे काम मुलामुलींनी शिकून घ्यावे, अम्मीलाही शिकवावे.