आठास एक

प्लायच्या दोन शीटमधला सांधा बोटाला लागता कामा नये, एवढाच माझा हट्ट आहे. इपॉक्सी किती घट्ट कालवायचं, तांब्याची तार कधी काढायची, कापड कुठवर न्यायचं, यावर होडी बांधणारे रात्रभर बोलू शकतात. मी त्यात फारसा पडत नाही. माझी सगळी वर्षं सांध्यात गेली आणि अजूनही मी तिथेच आहे.

बाजारात प्लायची शीट ८ फुटांची मिळते. मला हवी असते २१ फुटांची बाजू. म्हणजे एका बाजूला तीन शीट आणि दोन सांधे. कॅटमरानला होडकी दोन, बाजू चार, सांधे आठ. प्लाय ६ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक टोकाला ४८ मिलिमीटर लांबीचा उतार काढायचा आणि उतारावर उतार बसवून चिकटवायचा. आठास एक. हे प्रमाण जगभर ठरलेलं आहे, त्यात माझं काही नाही.

सांधा तुटेल का, ही खरी अडचण नव्हेच. आठास एक उतार असेल, दोन्ही अंगांना आधी पातळ इपॉक्सी पाजलं असेल आणि शिकंजा फार आवळून सगळं बाहेर दवडलं नसेल, तर प्लाय दुसरीकडे फाटेल पण तिथे फाटणार नाही. अडचण आहे वाकण्याची. बाजू तारेने नाळेकडे ओढायला लागलो की ती एकसंध वाकली पाहिजे. उतार मध्ये जरा खोलगट राहिला की तिथे गोंदाचा थर जाड होतो, तेवढी जागा ताठ राहते, तिच्या अलीकडे-पलीकडे प्लाय जास्त मुडपते आणि बाकात एक सपाट पट्टा येतो. दुपारच्या उन्हात तो दिसत नाही. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की दिसतो, आणि एकदा दिसला की पुढे दुसरं काही दिसत नाही. एकट्या होडीत असला पट्टा खपून जातो. कॅटमरानमध्ये मात्र जुळं भावंड शेजारीच उभं असतं.

आम्ही हे काम रंध्याने करायचो. चार शीट एकावर एक, प्रत्येक शीट ४८ मिलिमीटर मागे सरकवून पायऱ्या करायच्या, आणि सगळ्या पायऱ्या एकदम तासत एक उतरण करायची. तासता तासता प्लायचे थर उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या गोंदाच्या तपकिरी रेघा दिसू लागतात. रेघा सरळ आणि एकमेकींना समांतर आल्या की उतार खरा. रेघ पोटात वळली तर तिथे खड्डा, बाहेर फुगली तर उंचवटा. मी कारखान्यात फिटर होतो. व्हर्नियर आणि फीलर गेजवर आयुष्य काढलं. तरी सांगतो, त्या रेघांइतकं चोख माप मला कुठल्या उपकरणाने दिलेलं नाही.

सगळ्यात वाईट जागा शेवटची. उतार संपतो तिथे वरचा थर कागदासारखा पातळ होतो. रंध्याचं पातं तिथून अलगद सुटलं पाहिजे. जरा रेंगाळलं की धार चुरडते, आणि चुरडलेल्या धारेचा सांधा पुढे लांबी भरून कितीही घासा, बोटाला लागतोच.

माझा हात नेमका तिथेच कापायला लागला. लिहिताना नाही, चहाचा कप धरताना नाही. रंध्याचा फटका संपता संपता मनगटात एक बारीक थरथर येते. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही. त्यांच्या दृष्टीने ते खरं आहे. ज्याची सगळी प्रतिष्ठा शेवटच्या दोन मिलिमीटरवर उभी आहे, त्याच्यासाठी मात्र ती थरथर तिथेच येणं ही मोठी गोष्ट होती. त्या मोसमात मी होडीला हातच लावला नाही. अंगणातल्या शीट ताडपत्रीखाली तशाच ठेवल्या आणि घरच्यांना सांगितलं, प्लाय चांगली मिळत नाही.

तसं ते कारण पूर्ण खोटंही नव्हतं. प्लायची अवस्था आज खरोखर वाईट आहे. शीटवर आयएस ७१० चा शिक्का असतो. त्या मानकाचा अर्थ असा की तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत. मी प्रत्येक खेपेच्या शीटमधून पट्टी कापून घरी पातेल्यात उकळतो. शिक्का असलेल्या पट्ट्याही सुटलेल्या पाहिल्या आहेत. पूर्वी मरीन प्लाय म्हटलं की गर्जन. लालसर, जड, तासताना तिखट वासाचं लाकूड. ते जिथून यायचं, त्या म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली. प्लायचं दुसरं लाकूड, ओकुमे, ज्या गॅबनमधून यायचं, त्याने त्याआधीच, २०१० मध्ये, ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं होतं. आता आतले थर निलगिरीचे नाहीतर पॉपलरचे आणि दर्शनी थर इतका पातळ की उतारावर त्याची पट्टी दोऱ्याएवढी उरते. पुष्कळदा आतल्या थरात पोकळी असते. उतार काढताना तिचं काळं तोंड उघडं पडतं आणि रेघ मध्येच तुटते. ज्या रेघा वाचून मी काम शिकलो, त्या रेघाच आता वेड्यावाकड्या छापून येतात. फर्निचरवाल्याला याने काही फरक पडत नाही. तो वरून सनमायका लावतो.

आमच्या किनाऱ्यावर कॅटमरानच का, असं सातपाटीच्या एका जुन्या सुताराने मला विचारलं होतं. त्याने सागाच्या मोठ्या बोटी बांधलेल्या, माझं काम त्याला खेळण्यातलं वाटायचं. उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. उधाणाच्या ओहोटीला चिंचणी-तारापूरकडे समुद्र मागे मागे जातो आणि मधला सगळा पट्टा उघडा पडतो. खोल पठाणाची, म्हणजे खोल कण्याची, होडी तिथे कलंडते, तिला टेकू द्यावे लागतात. दोन उथळ होडकी चिखलावर सरळ बसतात आणि भरतीला सरळ उठतात. दोन्हींना जोडणाऱ्या तुळया मी बोल्टने आवळत नाही, दोरीने बांधतो. ते पाहून मात्र तो सुतार जवळ आला, कारण मालवण-वेंगुर्ल्याकडे होडीच्या बाजूची उलांडी अशीच बांधतात हे त्याला ठाऊक होतं.

दोरीची ती पद्धत मी इंग्लंडच्या जेम्स व्हॅरम यांच्या नकाशांतून घेतली. या माणसाने १९५५-५६ मध्ये स्वतः बांधलेल्या, साडेतेवीस फुटांच्या दुहेरी होडीतून दोन सोबतिणींबरोबर अटलांटिक पार केला आणि पुढचं सारं आयुष्य घरी होडी बांधणाऱ्या सामान्य लोकांसाठी नकाशे काढण्यात घातलं. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या २१ फुटी नकाशावरून बांधलेली एक होडी १९९० च्या दशकात पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तारेने शिवून सांधे चिकटवण्याची रीत जगभर पसरवली ती १९६२ च्या मिरर होडीने. एका इंग्रजी वर्तमानपत्राने ती वाचकांसाठी काढली होती, घरी बसून बांधता येईल अशी. त्याच वर्षीची फायरबॉलही मुळात प्लायसाठीच आखलेली. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा फायरबॉलमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. तारापूरशी जुळणारं ते तारापोर आडनाव पेपरात वाचून आमच्या आळीतल्या कित्येकांची छाती फुगली होती. माझीही.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली, लाकूड आणि इपॉक्सीची. तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले, पुढे अभिलाष टॉमी न थांबता आले. त्यानंतर मला कोणी “लाकडाला इपॉक्सी फासून समुद्रात जाता?” असं विचारलं नाही. म्हादेई कॅटमरान नाही आणि माझ्या कामाशी तिची बरोबरी नाही. पण माझं भांडण तिने परस्पर मिटवलं.

फायबरवर माझा राग नाही. सातपाटीपासून डहाणूपर्यंत ज्याला १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठताच दर्यात जायचं आहे, त्याने सागासाठी कर्ज काढून महिनोन्‌महिने सुताराची वाट का पाहावी? १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. पण तसा साग आता कुठे आणि कोणाच्या खिशात! माझा राग आहे तो तयार कापलेल्या प्लायच्या संचांवर. त्यांत शीटची टोकं कॉम्प्युटरवर नागमोडी कापलेली असतात, एकमेकांत अडकवली की झालं. दिसायला देखणं, मापाला अचूक. पण तो सांधा आरपार उभा आहे, त्याला उतार नाही. प्लायचे तंतू एकमेकांवर येतच नाहीत, सगळा भार वरच्या काचकापडावर. वाकवताना काय होतं ते वाकवणाऱ्याने पाहावं. मागून पट्टी ठोकून जोडणाऱ्यांचंही तेच. पट्टीची जागा ताठ, आणि तो ताठपणा जन्मभराचा.

तर, माझी भाची. एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तिने ताडपत्री उचलली, शीट पाहिल्या आणि विचारलं, “मामा, हे का थांबलंय?” मी प्लायचं कारण सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी राउटर घेऊन आली. दोन उतरत्या फळ्या केल्या, आठास एक, त्यांवर राउटरची पाटी सरकेल अशी बैठक, आणि शीटच्या टोकावरून ती आडवी-उभी फिरवत राहिली. मी खुर्चीत बसून होतो. मी तिला म्हटलं, “बाय, याला सुतारकाम म्हणत नाहीत.” ती म्हणाली, “मामा, रेघा सरळ आल्यात का ते बघ.”

रेघा सरळ होत्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या भरातल्या दिवसांत अशा आल्या असतील-नसतील.

मला वाईट वाटलं. आनंद व्हायला हवा होता, पण वाईट वाटलं, आणि बरेच दिवस वाटत राहिलं. मला चांगला सांधा हवा आहे असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. खरं पाहिलं तर मला माझ्या हातचा चांगला सांधा हवा होता. माझ्या होड्यांच्या बाजू मी वरच्या भागात रंगवत नाही, वॉर्निश करतो. आमच्या उन्हात वॉर्निश वर्षभर नीट टिकत नाही, दर मोसमात घासून पुन्हा चढवावं लागतं. रंग केव्हाही शहाणपणाचा. पण रंगाखाली सांधा झाकला जातो. वॉर्निशमधून तो दिसतो, आणि दिसूनही बोटाला लागत नाही. येणारा माणूस हात फिरवून पाहतो तेव्हा मी जरा लांब उभा असतो, काही बोलत नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. एवढ्यासाठी मी दर वर्षी चार बाजू घासल्या आहेत आणि हात चालेल तोवर घासणार आहे.

राउटरलाही शेवटची धार जमत नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. पातं तिथे वरचा थर उचकटतं. भाची शेवटचे चार-पाच मिलिमीटर सोडून देते आणि ते मी करतो. रंध्याने नाही. हातभर लांब सपाट फळीला ८० नंबरचा पेपर चिकटवून, दोन्ही हातांनी धरून. फळी इतकी लांब की मनगटाची थरथर तिच्यातच विरते, कडेपर्यंत पोचत नाही. ही युक्ती तिने सुचवली. मी ती आधी नाकारली होती, कारण घासणं म्हणजे तासणं नव्हे. आज आमचे सांधे असे दोघांचे असतात. त्यांतला कुठला भाग कोणाचा, हे मला पक्कं ठाऊक असतं आणि तिला त्याचं काहीच नसतं.

ती एक गोष्ट माझ्याहून चांगली करते. अंधार पडल्यावर जमिनीवर ट्यूबलाइट आडवी ठेवून तिच्या उजेडात वाकवलेली बाजू पाहते. सपाट पट्टा असेल तर सावली लगेच सांगते, संध्याकाळच्या उन्हाची वाट पाहावी लागत नाही. मी आयुष्यभर वाट पाहत आलो.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळलेलं नाही. तिला पावसाळ्यातही सांधे घालायचे असतात, कारण तेव्हा तिला वेळ मिळतो. मी घालू देत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुता येतो हे खरं, पण प्लायने आत ओढलेलं पाणी धुता येत नाही. ओल्या उतारावर घातलेला सांधा महिनाभर बरा दिसतो. तिचं म्हणणं, घरात पंखा लावून, बल्ब लावून शीट सुकवता येते. येत असेल. माझा विश्वास नाही, आणि या बाबतीत मी हटणार नाही.

दुसऱ्या होडक्याचे चार सांधे बाकी आहेत. ते दिवाळीनंतर घालू. पालघर, बोईसर, डहाणूकडे कोणी घरी होडी बांधत असेल, किंवा सातपाटीच्या जुन्या सुतारांपैकी कोणाचा हात अजून चालत असेल, तर त्यांनी तेव्हा जरूर यावं. येताना आपल्या प्लायचा एक तुकडा आणावा, पातेल्यात जागा आहे. आणि आठास एकच्या खाली, सहास एकवर काम भागतं असं कोणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका.