पावणेदोन महिन्यांचा तोडगा

आमच्या नळदुर्गात नाचाचे तीन प्रकार मान्य आहेत : वरातीतला, तमाशातला आणि खंडोबाच्या जागरणातला. चौथा 'बॅले' नावाचा असतो आणि भाची मुंबईत नोकरीच्या नावाखाली तोच शिकते, हे कळल्यावर दाजींनी मला धाडलं. "पोरीला घेऊनच या!"

पोरगी वस्ताद. तिने मलाच नाटकगृहात नेऊन बसवलं. "मामा, एका संध्याकाळी चार रचनाकारांच्या चार रचना!" चार भाज्यांचं ताट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

पहिल्या रचनेत एक बाई वीस मिनिटं खुर्चीभोवती फिरली. बसली मात्र नाही. दुसरीत सहाजण लोळले. तिसरीला संगीतच नव्हतं, नाचणाऱ्यांच्या श्वासावर भागवलं होतं. शेजारच्या गृहस्थांचं घोरणं त्यात बेमालूम मिसळलं.

"यात गोष्ट काय गं?"

"गोष्ट नसते, मामा. अनुभव असतो." एवढं बोलून ती उठून गेली.

तसा बॅले आपल्याला परका नाही. मादाम मेनका १९३६ साली आपला संच घेऊन बर्लिनला नाचून आल्या. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रुप काढला आणि 'रामायणा'त माणसं कठपुतळ्यांसारखी नाचवली. पण तिथे निदान सीताहरण तरी होतं; कुठे हळहळायचं ते प्रेक्षकाला कळायचं.

चौथ्या रचनेचा पडदा वर गेला. दोन मुली. दोघी शेजारी शेजारी कोसळत, उठत, पुन्हा कोसळत. एकमेकींना स्पर्श नाही. आमच्या किल्ल्यात पाणीमहालावरून पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात ना, हुबेहूब तसं! आणि त्यातली मादी म्हणजे आमची भाची. जत्रेत मुरळी घोळ वाजवत गिरक्या घ्यायला लागली की गोष्ट कोण विचारतो? मीही विचारली नाही. चष्मा मात्र दोनदा पुसला.

रात्री दाजींचा फोन. "काय, निघालात का दोघं?"

"दाजी, आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो. म्हणून तो आपला नाही, असं कुणी म्हणतं का?"

"त्याचं इथं काय?"

"पोरीचंही तसंच ठरवून टाकू."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग बारीक आवाजात प्रश्न आला, "ते पावणेदोन महिने दिवाळीला धरून येतील का, तेवढं विचारा."