पाय टेकल्यावर

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे आमच्या किनाऱ्यावरचं जुनं गणित. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. घोट्याचं प्लास्टर निघाल्यावर ओल्या, घट्ट वाळूवर चालायला सांगितलं होतं. तेव्हापासून सकाळी उठून कालनिर्णयात तिथी बघते. एवढी वर्षं नागावात काढली, पण आपला दिवस समुद्राच्या वेळेने लावायची वेळ आली नव्हती. ती आली याचा आनंद आहे.

*

मोडलेलं हाड स्वतःच जुळतं. प्लास्टर त्याला फक्त जागचं हलू देत नाही. आधी मऊ सांधा धरतो, मग तो कठीण होतो. तेवढ्या काळात पोटरी मात्र वाळून जाते. प्लास्टर कापल्यावर तो पाय माझा वाटेना. पहिल्यांदा टाच टेकवताना घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, “वजन टाका, हाडाला ते हवंय.” भार पडेल तसं हाड घडत जातं, हे शाळेत शिकवलं असेलही, कळलं आत्ता.

*

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “थोडक्यात निभावलं हो.” पाय ठणकत असताना हे ऐकवत नाही. दुखणाऱ्याकडे कृतज्ञता मागू नये. मला ती वाटली ती फार पुढे, मध्यरात्री कुणाला न उठवता न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तेव्हा.

*

मुरलीकांत पेटकरांविषयी पुन्हा वाचलं. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले बॉक्सर. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. पदकापेक्षा मी थांबते ती आधीच्या काळापाशी. उपचार म्हणून रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसाला पुढचं काही ठाऊक नसतं.

*

शेजारणीने चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकरी आणली. हाडाला चांगलं, म्हणाली. डॉक्टरांना विचारलं. आवडत असेल तर खा, औषध समजू नका, म्हणाले. मी दोन वाट्या प्यायले. भर पावसात चिंबोऱ्या धरून, फोडून, वाटण घालून कुणी आपल्यासाठी रांधतं, हे औषधापेक्षा कमी नव्हे.

*

आमच्या वाडीत नारळ-सुपारी पाडायला येणारा पायरीवर बसून माझ्या पायाकडे बघत होता. तोही पूर्वी माडावरून पडलेला. एक पाय अजून किंचित ओढतो. “काकू, तुम्ही नीट बरं होऊन मग उठा. मला हाड धरायच्या आत चढावं लागलं,” म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता.

3 जून 2020ला निसर्ग वादळाने अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्या आडव्या केल्या, तेव्हा लोंबकळणाऱ्या झावळ्या उतरवायला हाच माडांवर चढला होता. तेव्हा लावलेल्या पोफळी आत्ता कुठे धरू लागल्यात. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेत तो दुसरीवर जातो, ते खाली उभं राहून मी कौतुकाने पाहत आले. आता पाहताना घोट्यात कळ येते.

मला खाट मिळाली, वॉकर मिळाला, रस्सा मिळाला, वेळ मिळाला. बरं होण्यात माझ्या धीराचा वाटा किती आणि या वेळेचा किती, हे मला स्पष्ट दिसतं.

*

नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजना नारळावर चढणाऱ्यांसाठी आहे. हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरतं. मंडळाचं राज्य केंद्र ठाणे जिल्ह्यात आहे. ज्यांच्या वाडीत माड आहेत त्यांनी पुढच्या पाडणीआधी आपल्या माणसाचा अर्ज स्वतः बसून भरावा आणि उरलेला हप्ता आपल्या खिशातून द्यावा. आमच्याकडचा अर्ज भरून तयार आहे.